परसांतील कृत्रिम हिरवळ

घरांतील मुलांना खेळावयास परसांत एक पक्कें क्रीडांगण असावें, व त्यावर शहरांतल्याप्रमाणें कृत्रिम हिरवळ अंथरावी, अशी इच्छा अलीकडे बागाइतदारांच्या घरींहि बोलून दाखविली जाऊं लागली आहे. आम्हींहि चार वर्षांपूर्वीं नातवंडांच्या आग्रहास मान देऊन असें क्रीडांगण करविलें. तें पहिल्या खेपेस बिघडलें व दुसऱ्या खेपेस साधलें. दोन्ही खेपांचा अनुभव वाचकबंधूंस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून तो येथें देत आहों.

ही हिरवळ म्हणजे प्लॅस्टिकच्या तंतूंचा गालिचा होय. तंतू जाड कापडांत गुंतवून तें कापड खालून लेप देऊन घट्ट करितात, व पाणी उतरण्यासाठीं त्यास भोंकें ठेवितात. अमेरिकेंतील ह्यूस्टन शहराच्या छतबंद क्रीडागृहांत खरें गवत जगेना, म्हणून इ. स. १९६६ मध्यें तेथें असा गालिचा अंथरला गेला, व तेव्हांपासून त्याची ख्याति झाली. इ. स. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकांत हॉकीहि प्रथमच अशा पृष्ठावर खेळली गेली. मातीच्या व गवताच्या मैदानांवर वाढलेला आपला संघ त्या वेळीं सातवा आला. तेव्हां मुलांचा हट्ट अगदींच पोकळ आहे असें म्हणतां येत नाहीं.

आतां आमची चूक सांगतों. गोठ्यामागील जागा काळीची होती. कंत्राटदार म्हणाला, चार इंच माती खरवडून खडी पसरूं, रूळ फिरवूं, कीं काम झालें. काळीवर साधी भिंत उभारतांना आपण मुरूम लागेपर्यंत पाया खणतों. परंतु येथें काटकसरीच्या मोहानें आम्हीं मान डोलाविली. आषाढांत काळी पाणी पिऊन फुगली व वैशाखांत भेगाळली. दुसऱ्या वर्षीं पट्ट्यांचे सांधे उकलले, कडेस दोन इंचांचा उंचवटा उभा राहिला, आणि लव्हाळा गालिचा फोडून वर आला. मल्चिंगचा कागद वापरणाऱ्यांस लव्हाळ्याचा हा पराक्रम ठाऊकच आहे. पुढें एके सायंकाळीं धांवतांना त्या उंचवट्यास अडखळून नातवाचा पाय मुरगळला व तो तीन आठवडे अंथरुणावर राहिला. दोष कंत्राटदाराचा खरा. पण जमीन ओळखण्याचें काम आमचें होतें.

दुसऱ्या खेपेस तळापासून आरंभ केला. जागा ५० फूट लांब व २५ फूट रुंद, म्हणजे एका गुंठ्याहून किंचित् अधिक, अशी घेतली. काळी दीड फूट खोल होती. मुरूम लागेपर्यंत ती सर्व काढविली. मोजमापानें ती सुमारें १९ ब्रास भरली. वरचा अर्धा फूट लव्हाळ्याच्या गांठींनीं भरलेला होता. तो शेतांत जाऊं दिला नाहीं. खालची स्वच्छ माती मात्र एका मुरमाड तुकड्यावर पसरली व तो तुकडा सुधारला. ज्यांची काळी पुरुषभर खोल आहे त्यांनीं ती जागाच टाळून मुरमाड तुकडा पाहावा.

खणलेल्या तळावर जिओटेक्स्टाइल नांवाचें जाड कापड पसरलें; त्यामुळें माती व भर एकमेकांत मिसळत नाहींत. त्यावर एक फूट मुरूम तीन थरांत, प्रत्येक थरास पाणी मारून व रूळ फिरवून, बसविला. वर अर्धा फूट खडी व शेवटीं बारीक कच घातली. रुंदीच्या दिशेनें २५ फुटांत ३ इंच उतार ठेविला व खालच्या कडेस चर काढून त्याचें पाणी विहिरीपासून दूर नेलें. हें काम वैशाखांत उरकून वर कांहींच न अंथरतां एक पावसाळा जाऊं दिला. जेथें खचलें तेथें पुनः भर घातली, आणि हिरवळ दिवाळीनंतर अंथरली. खळें करणारा शेतकरी भुई चोपल्यावांचून धान्य पसरीत नाहीं. येथेंहि तोच नियम आहे.

अंथरतांना पट्टे आधीं कांहीं तास उन्हांत उलगडून ठेवावे, म्हणजे त्यांच्या वळ्या जातात. सर्व पट्ट्यांचे तंतू एकाच दिशेस झुकलेले असावेत, व सांधे कोरड्या हवेंतच चिकटवावे. तंतूंमध्यें भरावयाची वाळू धुतलेली असावी. गाळाची वाळू भोंकें बुजविते. रबराचे काळे कण मात्र आम्हीं घेतले नाहींत. ते पावसाबरोबर वाहून मातींत मिसळतात. याच कारणास्तव युरोपीय संघानें इ. स. २०२३ मध्यें अशा कणांच्या विक्रीवर आठ वर्षांच्या मुदतीनंतर बंदी ठरविली आहे.

गुणदोष दोन्ही सांगितले पाहिजेत. चिखल होत नाहीं, पाणी साचत नाहीं, व पाऊस उघडतांच मुलें खेळूं लागतात. परंतु उन्हाळ्यांत दुपारीं हें पृष्ठ ६० अंश सेल्सियसच्याहि वर तापूं शकतें; त्या वेळीं मुलांस तेथें जाऊं देऊं नये. आठदहा वर्षांत गालिचा झिजतो, आणि तो कुजत नाहीं व जाळणेंहि घातक, म्हणून त्याच्या विल्हेवाटीचा प्रश्न उरतो. कबड्डी व खोखो यांस तर नीट चाळलेली, चोपलेली मातीच चांगली. तेवढ्यावर ज्यांचें भागत असेल त्यांनीं हा खर्च करूं नये. पिकाऊ जमीन तर याखालीं मुळींच घालूं नये.

इतकेंहि करून ज्यांस ही हिरवळ हवीच असेल, त्यांस आमचें एकच सांगणें आहे. कंत्राटदारानें गालिच्याचा नमुना पुढें केला म्हणजे तो बाजूस ठेवावा, खालीं किती खणणार हें प्रथम विचारावें, आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावें.