मानसशास्त्रीय चाचणीला जाण्यापूर्वी

● कोण काय करतं? मनोविकारतज्ज्ञ (सायकिअ‍ॅट्रिस्ट) हे डॉक्टर असतात. औषधं तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, मानसोपचार करतात. समुपदेशक बोलण्यातून वाट शोधायला मदत करतात.

● मराठी मुलांसाठी चाचणी: डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने बुद्धिमापन चाचणीचं मराठी आणि कन्नड रूपांतर 1930च्या दशकात केलं. ‘बिने-कामत’ या नावाने ती ओळखली जाते.

● आकड्याचा अर्थ: बुद्ध्यंकाची सरासरी 100 धरतात. सुमारे दोन तृतीयांश लोक 85 ते 115 या पट्ट्यात येतात. झोप, भीती, चाचणीची भाषा यांचाही गुणांवर परिणाम होतो. त्यामुळे एका आकड्यावरून मुलाचं भवितव्य ठरवू नये.

● अध्ययन अक्षमता: दिव्यांग हक्क कायदा, 2016मध्ये तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात.

● गोपनीयता: मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017ने रुग्णाला तिचा हक्क दिला आहे. मात्र जिवाला धोका असल्यास अपवाद असतो.

● कुटुंब समुपदेशन: इथे दोषी कोण, हे ठरवत नाहीत, घरातल्या संवादाची पद्धत तपासतात.

● तातडीची मदत: टेलिमानस हेल्पलाइन, 14416. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही.