वाट सांगणारी यंत्रे

रेशनच्या दुकानात आपण अंगठा लावतो, यंत्राच्या पडद्यावर चक्र फिरत राहते आणि दुकानदार म्हणतो, "नेट नाही, दुपारून या." बँकेत तीच गत, पोरांच्या परीक्षेचा अर्ज भरताना तीच गत. आपल्याला वाटते, कुठे तार तुटली असेल, नाहीतर मनोऱ्याची वीज गेली असेल. पुष्कळदा तसे असतेही. पण कधी कधी तारा शाबूत असतात, वीज असते, सगळी यंत्रे जागी असतात, आणि तरीही निरोप पोचत नाही. कारण वाट सांगणाराच चुकलेला असतो. ही चूक कशी होते आणि ती हुडकून कशी काढतात, ते आज पाहू.

संगणकाचा मजकूर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला अखंड जात नाही. त्याची लहान लहान पाकिटे करतात आणि प्रत्येकावर पत्ता घालतात. वाटेत नाक्यानाक्यावर एकेक यंत्र बसलेले असते, त्याला राऊटर म्हणतात. त्याच्यापाशी एक तक्ता असतो: अमक्या ठिकाणचे पाकीट आले तर ह्या तारेवर टाक, तमक्याचे आले तर त्या तारेवर. आता तुम्ही विचाराल, हा तक्ता भरतो कोण? माणसाने भरायचा म्हटले तर एक तार तुटली की हजार तक्ते खोडावे लागतील. म्हणून यंत्रे तो आपसांत बोलून भरतात. कसे बोलायचे, त्याचे नियम प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असतात. सारी गंमत आणि सारा घोळ ह्या नियमांत आहे.

अशा जाळ्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. 1969 साली कॅलिफोर्नियातली तीन ठिकाणे आणि युटा विद्यापीठ अशी चार ठिकाणे जोडली गेली. त्या जाळ्याचे नाव आर्पानेट. नाक्यांवरची यंत्रे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ह्या कंपनीने हनीवेलच्या छोट्या संगणकांतून तयार केली होती. त्यांचा पहिला नियम अगदी घरगुती होता: शेजाऱ्याला विचार, "तुझ्यापासून अमके ठिकाण किती लांब?" तो सांगेल त्यात त्याच्यापर्यंतचे आपले अंतर मिळव, आणि ज्या शेजाऱ्याकडून बेरीज कमी येईल त्याच्याकडे पाकीट दे.

नियम सरळ दिसतो, पण त्यात एक खोड आहे. समजा बाजाराच्या गावापासून मधली वाडी एक कोस आणि वरची वाडी मधलीतून दोन कोस. पुरात बाजार आणि मधली वाडी यांच्यामधला पूल वाहून गेला. मधलीवाले वरच्या वाडीला विचारतात, "बाजाराला वाट आहे का हो?" वरचे म्हणतात, "आहे की, दोन कोस." ती वाट मधलीतूनच जाते, हे त्या उत्तरात येतच नाही. मधलीवाले हिशेब करतात, तर मग आपल्याला तीन कोस. ते ऐकून वरचे म्हणतात, अरे, मधलीचे तीन झाले, म्हणजे आपले चार. मग मधलीचे पाच, वरचीचे सहा. आकडा चढत राहतो आणि बैलगाड्या दोन वाड्यांमध्ये हेलपाटे घालत राहतात. कोणी खोटे बोलले का? नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याचे ऐकले आणि बेरीज बरोबर केली. इंजिनियर लोक ह्या दुखण्याला अनंतापर्यंत मोजणे म्हणतात.

आणखी एक धोका होता. हार्वर्ड विद्यापीठातल्या यंत्राची स्मृती एकदा बिघडली आणि त्याच्या अंतराच्या तक्त्यात सगळीकडे शून्ये आली. म्हणजे ते शेजाऱ्यांना सांगू लागले, "माझ्यापासून कोणतेही ठिकाण शून्य अंतरावर आहे." इतकी जवळची वाट कोण सोडील? दूरदूरची पाकिटे हार्वर्डकडे धावली आणि तिथे गडप झाली.

म्हणून 1979 साली आर्पानेटचा नियम बदलला. ऐकीव अंतरे सांगायची नाहीत. प्रत्येक यंत्राने फक्त आपल्याला लागून असलेल्या तारांची हकीकत सांगायची आणि ती दवंडीसारखी सगळ्या जाळ्यात फिरवायची. सर्वांच्या दवंड्या गोळा करून ज्याने त्याने आपला नकाशा आपणच काढायचा. ही कल्पना चांगली, आणि आजच्या राऊटरांतही ती पुष्कळ ठिकाणी चालते. पण दवंडी अनेक वाटांनी फिरते, त्यामुळे जुनी मागून पोचण्याचा संभव. नवी कुठली आणि जुनी कुठली हे कळावे म्हणून प्रत्येक दवंडीवर क्रमांक घालत. क्रमांकाला जागा सहा बिटांची, म्हणजे 0 पासून 63 पर्यंत. 63 नंतर पुन्हा 0. घड्याळात बारानंतर एक वाजतो तसेच.

येथे शिक्षक मंडळींनी फळ्यावर मोठे वर्तुळ काढून त्यावर 64 ठिपके मांडावेत, म्हणजे पुढचे मुलांनाही समजेल. वर्तुळावर "नंतरचा" कोणता हे ठरवायचे कसे? नियम असा होता: एका क्रमांकावरून पुढच्या दिशेने 32 किंवा त्याहून कमी पावलांत दुसरा गाठता आला, तर तो दुसरा नवा. (दोन क्रमांक बरोबर 32 वर आले, तर त्यांतला मोठा नवा धरायचा.) नवी दवंडी आली की यंत्राने ती उतरून घ्यायची, शेजाऱ्यांना पाठवायची आणि जुनी टाकून द्यायची.

27 ऑक्टोबर 1980 रोजी आर्पानेट सुमारे चार तास निकामी झाले. कोणतेही मोठे केबल तुटले नव्हते. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील देखरेखीच्या कचेरीतल्या लोकांना एवढे दिसत होते की यंत्रे दवंड्यांच्या कामातच गुंतून पडली आहेत आणि साध्या पाकिटांना त्यांच्याकडे सवडच उरलेली नाही. तेव्हा त्यांनी जे करायला पाहिजे तेच केले. तर्क लढवत न बसता काही यंत्रांच्या स्मृतीची जशीच्या तशी नक्कल काढली आणि ती वाचली. रांगेत 50 क्रमांकाच्या यंत्राच्या दवंड्याच दवंड्या. आणि क्रमांक फक्त तीन: 8, 40, 44, पुन्हा 8, 40, 44, पुन्हा 8, 40, 44.

गुरुजी, आता वर्तुळावर बोट ठेवा. 40 वरून 44 चार पावले. म्हणून 44 नवा. 44 वरून 63 पार करून 8 वर या, 28 पावले, म्हणून 8 नवा. आणि 8 वरून 40? मोजा, बरोबर 32 पावले. बरोबर 32 असता मोठा नवा, म्हणून 40 नवा. तिघांतला प्रत्येक जण मागच्यापेक्षा नवा! ह्या फेऱ्याला शेवट नाही. प्रत्येक यंत्र इमानाने नवी दवंडी उतरून घेई, शेजाऱ्यांना देई, आणि थोड्या वेळाने तिच्याहून "नवी" दाराशी हजर.

हे तीन आकडे आले कुठून? संगणक आकडा दिव्यांच्या रांगेसारखा ठेवतो. सहा दिव्यांच्या किमती 32, 16, 8, 4, 2, 1. 44 म्हणजे 32, 8 आणि 4 चे दिवे पेटलेले. त्यातला 4 चा दिवा विझला की उरतात 40. त्यातला 32 चा विझला की उरतात 8. म्हणजे खरी दवंडी एकच होती. बिघडलेल्या स्मृतीने दिवे विझवून तिच्या तीन केल्या. 50 च्या शेजारचे 29 क्रमांकाचे यंत्र त्या दिवसांत असे दिवे गाळत होते. तारेवरून जाताना पाकिटाची पडताळणी होई, पण यंत्राच्या पोटात पडून असताना एखादा अंक विझला तर तो सापडेलच असा बंदोबस्त नव्हता.

मौज अशी की, ज्याच्या नावाने दवंडी फिरत होती ते 50 क्रमांकाचे यंत्र त्या वेळी बंदच होते. आपल्याकडे रेडिओ बिघडला की बंद करून पुन्हा लावतात, आणि निम्मे बिघाड तेवढ्यानेच जातात. येथे तो उपाय चालेना. एखादे यंत्र बंद करून पुन्हा लावले की शेजारी लगेच त्या तिन्ही दवंड्या त्याच्या ओटीत घालीत. सगळी यंत्रे एकदम बंद करावीत, तर ती देशभर पसरलेली. शेवटी प्रोग्रॅमला एक ठिगळ लावले: "50 च्या नावाची दवंडी आली तर तिकडे लक्ष देऊ नकोस." हे ठिगळ एकेका यंत्रात घालत गेले, तेव्हा कुठे जाळे मोकळे झाले.

मग प्रोग्रॅममध्ये चूक होती का? मी म्हणेन, होती. पण एखाद्या ओळीवर बोट ठेवून दाखवावी अशी नव्हती. प्रत्येक ओळ सांगितलेले काम नेमके करीत होती. चूक गृहीत धरण्यात होती. नियम करणाऱ्यांनी धरले होते की एका यंत्राचे फार दूरदूरचे क्रमांक एकाच वेळी जाळ्यात असणार नाहीत. असे बिघाड शोधणे म्हणूनच कठीण जाते: एकेक यंत्र टेबलावर ठेवून तपासले तर निर्दोष, आणि चार एकत्र बसली की भांडण.

रेडिया पर्लमन ह्या विदुषींनी 1983 साली ह्या घोटाळ्यावर निबंध लिहिला. त्यांचा रोख असा की यंत्र बिघडणार हे धरून चाला. बिघडलेले यंत्र काढून घेतल्यावर जाळे माणसाचा हात न लागता आपोआप ठिकाणावर आले पाहिजे. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या ओ.एस.पी.एफ. ह्या नियमावलीत ही काळजी दिसते. तिथे दवंडीचा क्रमांक 32 बिटांचा, सरळ चढत जाणारा, वर्तुळ नाही. दवंडीला वय असते, आणि एक तास होऊन गेला की ती बाद. शिवाय पडताळ्याची बेरीज दवंडीबरोबरच राहते, त्यामुळे यंत्राच्या पोटात दिवा विझला तरी उघडकीस येतो.

मोठ्या मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यांमध्ये मात्र अजून बराचसा कारभार शब्दावर चालतो. 24 फेब्रुवारी 2008 रोजी पाकिस्तान टेलिकॉमने सरकारी आदेशावरून आपल्या देशापुरते यूट्यूब बंद करण्यासाठी एक खोटी वाट जाहीर केली. ती चुकून देशाबाहेर गेली, पुढच्या कंपनीने न तपासता पसरवली, आणि सुमारे दोन तास जगातल्या पुष्कळ भागांतली यूट्यूबची पाकिटे भलत्याच दिशेला गेली. त्यानंतर वाटांवर सही तपासण्याची पद्धत निघाली आहे, पण ती सर्वांनी घेतलेली नाही.

वाट मिळाली तरी दोन टोकांची गाठ पडायची राहतेच. तिथेही शिळ्या पाकिटांचाच त्रास. काल बंद केलेल्या बोलण्यातले एखादे रेंगाळलेले पाकीट आज येऊन नव्या बोलण्यात घुसले तर? बँकेच्या कामात हे परवडायचे नाही. म्हणून टी.सी.पी. ह्या नियमात तीन निरोपांची सलामी असते. पहिला म्हणतो, "मी 5000 पासून मोजायला लागतो." दुसरा म्हणतो, "तुझे 5000 ऐकले, माझे 900 पासून." पहिला म्हणतो, "तुझे 900 ऐकले." तिसरा निरोप कशाला, असे वाटेल. पण पहिला निरोप शिळा असला तर? दुसरा त्याला भाबडेपणाने उत्तर देतो, तेव्हा पहिला म्हणतो, "मी असे काही विचारलेच नाही," आणि गाठ तिथेच सुटते.

बोलणे संपल्यावरही जो आधी निरोप घेतो तो काही काळ जागा राहतो, म्हणजे वाटेतली उरलीसुरली पाकिटे मरून जावीत. मूळ नियमात ही मुदत चार मिनिटांची आहे. पुष्कळ यंत्रांत ती कमी ठेवतात. प्रोग्रॅम लिहायला शिकणाऱ्या मुलाला हे लवकरच भेटते. तो आपला प्रोग्रॅम बंद करतो, लगेच पुन्हा लावतो, आणि पडद्यावर येते, "पत्ता वापरात आहे." मुलगा गुरुजींकडे धावतो, "सर, बिघडलं!" बिघडलेले काही नसते. जुनी पाकिटे संपण्याची वाट यंत्र पाहत असते.