वैशाखातले पाणी आणि महाशीर

मौजे मारुंजी, तालुका मुळशी, हा पत्ता आज ज्याच्या कानी पडतो त्याच्या डोळ्यांसमोर शेजारच्या हिंजवडीचे काचेचे मनोरे आणि सकाळी नऊच्या सुमारास रस्त्यावर खोळंबलेली मोटारींची रांग उभी राहते. परंतु या गावाच्या दक्षिणेकडून मुळा आणि उत्तरेकडून पवना अशा दोन नद्या वाहतात, आणि वैशाखाच्या उन्हात त्यांच्या काठी गळ टाकून बसणे हा आमच्या लहानपणी सुट्टीतला एक गंभीर उद्योग होता, हे आजच्या रहिवाशाला सांगितले तर त्याला ती थट्टा वाटण्याचा संभव आहे. मला गळ धरायला मामांनी शिकवले. पावसाळ्याच्या तोंडाला, गढूळ लोंढ्यात, कोणीही ऐऱ्यागैऱ्याने गांडूळ लावून मासा काढावा. त्याला मामा मासेमारी म्हणतच नसत. नदी आटून तिचे निरनिराळे डोह झाले आहेत, तळाचा गोटा न् गोटा मोजता येतो आहे, आणि त्यात मनगटाएवढ्या नव्हे, मांडीएवढ्या माशाची सावली संथपणे फिरते आहे, अशा वेळी त्याला गळाला लावील तो खरा कसबी, असे त्यांचे मत होते. ही सावली बहुधा महाशिराची असे.

महाशीर हा कार्पच्या, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला मासा. अंगावर रुपयाहून मोठे खवले, ओठांजवळ मिशांच्या दोन जोड्या, आणि जबड्यात एकही दात नाही. दात आहेत ते घशात, आणि त्यांच्या बळावर तो खेकडे आणि शिंपले भरडून खातो. त्याला वाहते, प्राणवायूने भरलेले, खडकाळ तळाचे पाणी लागते. पाऊस सुरू झाला की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्यांच्या, वाळूच्या तळावर थोडी थोडी करून अंडी घालतो. उन्हाळ्यात मात्र त्याला डोहाच्या आश्रयाने राहणे भाग पडते, आणि सर्वात बलवान असा हा मासा सर्वात उघडा पडतो तोही याच दिवसांत.

त्याच्या शास्त्रीय नावाची हकीकत पुणेकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी; मुंबई सरकारने त्याला 1824 साली दख्खनच्या मुलखाची मोजदाद करण्याच्या कामावर नेमले. पिके, जमाबंदी, लोकसंख्या यांची टिपणे दफ्तरी दाखल करता करता या गृहस्थाने पक्षी आणि मासेही गोळा केले, आणि पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महाशिराचे वर्णन 1839 साली प्रसिद्ध केले. इथल्या लोकांच्या तोंडून जो शब्द ऐकला तोच लॅटिनच्या पंक्तीला बसवण्याची त्याची रीत होती. त्यामुळे शिंगटी आणि कोळशी ही आपल्या बाजारातली नावे प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसली, आणि महाशिराला ‘खुद्री’ हे विशेषण मिळाले. आज जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ त्याला ‘टॉर खुद्री’ म्हणतो, तेव्हा तो नकळत मुळा-मुठेकाठच्या कुणा अनाम कोळ्याची बोली उच्चारत असतो.

आता मामांच्या कसबाकडे वळतो. ‘तुला मासा दिसतोय ना? मग त्यानं तुला केव्हाच बघितलंय,’ हे त्यांचे पहिले सूत्र. यात प्रकाशशास्त्र आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. पाण्यात शिरताना प्रकाशकिरण वाकतात. त्यामुळे पाण्याखालच्या डोळ्याला वरचे सारे जग, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, सुमारे 97 अंशांच्या एका गोल झरोक्यात एकवटून दिसते. काठावर ताठ उभा राहिलेला माणूस त्या झरोक्यात ठसठशीत उमटतो. जो उकिडवा बसून, झुडपाच्या आडोशाने, पाण्यापासून दोन पावले मागे सरकतो, तो झरोक्याच्या कडेला चेपला जाऊन जवळजवळ नाहीसा होतो. माशाच्या दोन्ही कुशींवरून जाणारी संवेदनांची रेषा पाण्यातले सूक्ष्म कंप टिपते, म्हणून काठाच्या सुट्या दगडावर टाच आपटली तरी डोहात बातमी पोचते. मामा अनवाणी चालत. जाड दोऱ्याच्या जागी ते बारीकातला बारीक तंगूस वापरीत, शिसे जवळजवळ लावीतच नसत, आणि सूर्याकडे तोंड करून बसत, कारण मग आपली सावली पाठीमागे पडते.

एका सकाळचा प्रसंग माझ्या मनात अजून स्वच्छ आहे. मुळेच्या वरच्या अंगाला एका डोहावर उंबर ओणवला होता आणि पिकलेली फळे टपटप पाण्यात पडत होती. महाशिराला फळांचीही आवड असते. खडकाच्या कपारीतून एक मोठा मासा निघे, पडलेले उंबर पृष्ठभागावरच टिपे आणि मुळीच घाई न करता परत जाई. मामांनी गळाचे टोक उंबरात लपवले आणि ते प्रवाहाच्या तोंडाशी अलगद सोडले. उंबर वाहत आले. मासा वर आला. वीतभर अंतरावर थांबला. कल्ल्यांची उघडझाप मला दिसत होती. त्याने ते फळ क्षणभर न्याहाळले, आणि शेपटीच्या एका झटक्याने वळून त्याच्यामागून येणारे, गळ नसलेले उंबर खाल्ले. तंगुसाच्या ओढीने आमचे उंबर पाण्याच्या गतीहून केसभर मंद चालले होते. एवढा फरक त्याला पुरला. मामांनी काठी गुंडाळली, विडी पेटवली आणि ‘शहाणा आहे’ एवढेच म्हणाले. दिवसभर आम्ही पुन्हा गळ टाकला नाही.

ज्यांना असे हरणे मानवत नाही त्यांनी आटलेल्या डोहात सुरुंग उडवले, विष कालवले. 1897 च्या कायद्याने हे दोन्ही प्रकार गुन्हा ठरवले आहेत. पण डोहावर पहारा कायद्यापेक्षा देवानेच अधिक चोख ठेवला. देहूला इंद्रायणीच्या डोहात, महाडजवळ वाळण कोंडीला, वाड्याकडे तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात महाशीर देवाचे मासे म्हणून सुखाने नांदत आले. तिथे कुरमुरे टाकणाऱ्या मुलाच्या हातापर्यंत येणारा मासा आणि आमच्या उंबराला पाठ दाखवणारा मासा एकाच जातीचे, ही गोष्ट कितीही मौजेची वाटली तरी खरी आहे.

माणसाने केलेला बंदोबस्तही नोंदवला पाहिजे. डॉ. चिं. वि. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने लोणावळ्याला, टाटांच्या वळवण तलावाकाठी, 1970 च्या सुमारास महाशिराच्या कृत्रिम प्रजननाचे काम सुरू झाले, आणि तिथली पिल्ले पुढे अनेक राज्यांत पोचली. एके काळी संकटग्रस्तांच्या यादीत असलेला हा मासा आता आंतरराष्ट्रीय लाल यादीत कमी चिंतेचा मानला जातो. ही वार्ता 2020 साली वर्तमानपत्रांतून आली. मात्र उपकाराचाही कधी अपकार होतो. हाच मासा कावेरीत सोडला गेला, आणि तिथल्या मूळच्या कुबडदार महाशिराची संख्या जी घसरली तिच्या कारणांत अभ्यासक आपल्या दख्खनी पाहुण्याचीही गणना करतात. 1946 साली कबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी गळाने काढलेला 120 पौंडांचा विक्रमी मासा त्या कावेरी खोऱ्यातला. ती जात आता नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

आणि ज्या मुळा-मुठेने जगाला ‘खुद्री’ हे नाव दिले तिचे काय? वैशाखात तिचे पाणी आजही कमी होते, परंतु नितळ होत नाही. पवना जलपर्णीने झाकलेली असते आणि इंद्रायणी आळंदीच्या घाटाशी फेसाळते. पिल्ले टाकीत वाढवता येतात, पण ज्या पाण्यात मासा माणसाला आणि माणूस माशाला पाहतो ते पाणी कोणत्याही टाकीत तयार होत नाही. माझ्या मते महाशिराची खरी गणना माशांत नव्हे, अशा डोहांत व्हावी.

ज्यांना तो पाहायचा असेल त्यांनी उन्हाळ्यात, सकाळी लवकर, वाळण कोंड गाठावी. गळ घरी ठेवावा, कुरमुऱ्यांची पुडी संपल्यावर कागद पाण्यात टाकू नये, आणि सूर्याकडे तोंड करून बसावे.