वर्दी उतरण्याआधी उमेदवारी

सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, हे आमच्या वस्तीतल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. लष्कर सोडल्यावर त्यांनी काय केले, हे मात्र थोडेच सांगतात. ते पेन्शनीत निघाले, दापोलीला राहिले, मग साताऱ्याला सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपर झाले. पुढे गोरेगावला दुष्काळी कामावर त्यांनी रोखपालाची नोकरी केली. पलटणीतले लिहिणे-वाचणे बाहेर कामी आले.

१९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तेव्हापासून आमच्या कितीतरी घरांत बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी वर्दीतला एक फोटो असतो. फोटोतला जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुले शाळेत असतात, घराचे काम अर्धे असते, एकट्या पेन्शनवर भागत नाही. अशा वेळी त्याला बहुधा एकच दार दिसते : सोसायटीचे नाही तर बँकेचे फाटक. पहारा देणे कमीपणाचे नाही. पण पंधरा वर्षे वायरलेस सांभाळणाऱ्याने, ट्रकचे इंजिन उघडून पुन्हा जोडणाऱ्याने, आयुष्यभर फाटकाशीच का उभे राहावे?

कारण साधे आहे. हवालदाराला काय काय येते, हे कंपनीच्या साहेबाला कळत नाही. आणि ज्याचा मामा त्याच कंपनीत मॅनेजर असतो, त्याचे काम समजावून सांगायला मामा असतो. आमच्या माणसाला असा मामा नाही. त्याची ओळख त्याच्या हातानेच करून द्यावी लागते, आणि त्यासाठी हात चालताना कोणीतरी पाहावे लागतात. यालाच आता इंटर्नशिप म्हणतात. आपल्याकडे जुना शब्द आहे, उमेदवारी.

अमेरिकेत ‘स्किलब्रिज’ नावाची योजना आहे. सेवेच्या शेवटच्या जास्तीत जास्त १८० दिवसांत, वरिष्ठांच्या परवानगीने, सैनिक एखाद्या कारखान्यात किंवा कार्यालयात शिकाऊ म्हणून जातो. त्या काळात पगार लष्करच देते. नवे काम शिकताना घरची चूल विझत नाही, हे त्या योजनेतले मर्म आहे.

आपल्याकडे संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या उंबरठ्यावरील जवानांसाठी अभ्यासक्रम चालवते. काही २४ आठवड्यांपर्यंतचे असतात. जवान व जेसीओ यांची फी सरकार भरते. दक्षिण विभागाचे कार्यालय पुण्यात खडकीला आहे. अभ्यासक्रम निवडताना एकच प्रश्न विचारावा : यात प्रत्यक्ष कामावर उभे राहायला मिळते का? नुसत्या वर्गातल्या प्रमाणपत्रापेक्षा दोन महिने वर्कशॉपमध्ये हात काळे केलेले बरे.

अग्निवीरांसाठी हे अधिकच निकडीचे आहे. २०२२ च्या योजनेनुसार चार वर्षांनंतर चारांतला एकच कायम होतो. बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस व २०२७ च्या आरंभी पुरी होतात. पोरगा तेव्हा विशी-पंचविशीतला असतो. ॲप्रेंटिस म्हणून शिकायला हे वय अगदी योग्य आहे. तो पैसा गाडीत आणि लग्नाच्या मांडवात गेला, तर शिकण्याचे दिवस कशावर काढायचे?

आमचे सांगणे असे. सेवेचे शेवटचे वर्ष सुरू झाले की आपण केलेली कामे साध्या मराठीत लिहून काढा : कोणती गाडी चालवली, कोणते यंत्र दुरुस्त केले, किती माणसांचे भांडार सांभाळले. हुद्दा खाली लिहा, काम वर लिहा. कोर्सची प्रमाणपत्रे युनिटमधून घेऊनच निघा. चालकांनी लष्करी परवान्यावरून आरटीओतून नागरी परवाना करून घ्यावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांनी नाव नोंदवावे.

उमेदवारी मिळाली तर चार गोष्टी कागदावर घ्या : मुदत किती, शिकवणार कोण, भत्ता किती, शेवटी दाखला मिळणार का. शिकाऊ म्हणून बोलावून फुकट हमाली करून घेणारेही भेटतात. कागद नसेल तर त्यांना जाब विचारता येत नाही.

घरातल्या भगिनींनाही विनंती आहे. नवरा सहा महिने कमी पैशांत शिकतो आहे म्हणून ‘घरी बसला’ असे कोणाला बोलू देऊ नका. त्या सहा महिन्यांचा खर्च दोघांनी मिळून आधीच बाजूला काढा.

आणि आपल्यातले जे फोरमन आहेत, ज्यांचे स्वतःचे गॅरेज, छापखाना, वायरिंगचे काम आहे, त्यांनी वर्षाला एका निवृत्त जवानाला उमेदवार म्हणून घ्यावे. विहारात रविवारी भेट होतेच. तिथेच विचारा : कोण येते आहे सुटून?