अग्नीत कोणी उतरावे?

तामिळ देशातील मोठ्या शिवालयांत प्रदक्षिणा घालणाऱ्या यात्रेकरूस गाभाऱ्याभोवतीच्या ओवरीत भक्तांच्या मूर्तींची एक लांब रांग आढळते. हे त्रेसष्ट नायन्मार, म्हणजे शैव संप्रदायाने परमपूज्य मानलेले संत होत. या रांगेत राजे आहेत, ब्राह्मण आहेत, व्यापारी आहेत; त्याचप्रमाणे कुंभार, कोळी, तेली, परीट आणि पारधीही आहेत. याच रांगेत नंदनार नावाच्या अस्पृश्य संताची मूर्ती आहे. त्या मूर्तीस शेकडो वर्षे धूप, दीप व नैवेद्य मिळत आला. परंतु ज्या लोकांत हे संत जन्मले त्या लोकांस ती मूर्ती पाहण्यासाठी उंबरा ओलांडण्याची मुभा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत नव्हती. संतास पूजावे आणि त्याच्या भाईबंदांस दारातून हाकलावे, ही विसंगती धर्मनिष्ठ लोकांच्या पचनी इतकी वर्षे कशी पडली, याचा विचार करणे अगत्याचे आहे. आमच्या मते तिचे मूळ नंदनारांच्या कथेतच सापडते.

ती कथा सेक्किळार कवीने बाराव्या शतकात रचलेल्या 'पेरियपुराणम्' या ग्रंथात सविस्तर आली आहे. आदनूर गावाबाहेर पुलैयर लोकांची वस्ती होती. तेथे नंदनार जन्मले. देवळातील वाद्यांस लागणारे कातडे व वाद्या, वीणेस व याळ नामक तंतुवाद्यास लागणारी तात, आणि पूजेस लागणारे गोरोचन पुरविणे हे त्यांचे सेवाकार्य. हा तपशील वाचकांनी नीट ध्यानात ठेवावा. नंदनारांच्या हातचे गोरोचन देवाच्या पूजेस चालत होते, त्यांनी आणलेल्या कातड्याचा नाद देवाच्या कानी पडत होता; विटाळ काय तो त्यांच्या देहाचाच होत होता!

तिरुप्पुंगूर येथे ते शिवदर्शनास गेले, तेव्हा त्यांस बाहेर उभे राहावे लागले आणि समोर भला थोरला नंदी आडवा आला. भक्ताची तळमळ पाहून देवाने नंदीस बाजूस सरण्याची आज्ञा केली, व नंदनारांस बाहेरूनच दर्शन घडले. त्या देवळातील नंदी आजही गाभाऱ्याच्या सरळ रेषेत नाही, आणि लोक त्याकडे बोट दाखवून ही कथा सांगतात. पुढे चिदंबरमच्या नटराजाचे दर्शन घेण्याचा त्यांस ध्यास लागला. आपली जात आठवून ते कचरत, आणि तरीही 'उद्या जाईन' असे रोज म्हणत. म्हणून त्यांस 'तिरुनाळैप्पोवार', म्हणजे 'उद्या जाणारे', हे नाव पडले. अखेर ते निघाले, चिदंबरमास पोहोचले आणि गावाच्या तटाभोवती घिरट्या घालीत राहिले. तेव्हा नटराजाने स्वप्नात येऊन त्यांस अग्नीतून शुद्ध होऊन येण्यास सांगितले, आणि तेथील पुजारी ब्राह्मणांस अग्नी सिद्ध करण्याची आज्ञा केली. नंदनार अग्नीत शिरले, आणि जटा व यज्ञोपवीत धारण केलेले मुनी होऊन बाहेर पडले. मग ते आत गेले, आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत.

भाविक मनुष्य ही कथा ऐकून गहिवरतो, आणि त्याच्या गहिवरास आम्ही हसणार नाही. परंतु कथेतील व्यवहार काय झाला, तो जमाखर्चाच्या वहीप्रमाणे मांडून पाहावा. देवाने स्वतः ज्यास बोलाविले, ज्याच्यासाठी नंदी हलला, त्यास आत घेण्यापूर्वी त्याचा देह जाळावा लागला आणि त्याच्या जागी ब्राह्मणाचा देह आणावा लागला. पुजाऱ्यांस लाकडे रचण्यापलीकडे काही करावे लागले नाही. दार होते तसेच राहिले, आणि दाराचा नियमही तसाच राहिला. देवळात जो शिरला तो पुलैयर नव्हताच! अशा रीतीने एका भक्ताचा गौरव झाला, आणि त्याच गौरवाने बाकीच्यांच्या बंदीस बळकटी आली. 'तुम्हांसही आत यावयाचे असेल तर प्रथम नंदनारांसारखे व्हा,' हे उत्तर देण्याची सोय झाली.

यावर कोणी सनातनी गृहस्थ म्हणतील की, हा अग्नी लाकडांचा नव्हे, तो ज्ञानाचा अग्नी होय. त्यात जळाला तो अहंकार. ठीक आहे. परंतु अहंकार जाळण्याची गरज त्या प्रसंगी अधिक कोणास होती? 'मी देवाच्या दाराशी उभा राहण्यास योग्य नाही' असे म्हणून रात्री तटाभोवती फिरणाऱ्यास, की 'माझ्यावाचून देवास कोणी शिवू नये' असे मानणाऱ्यास? ज्ञानाग्नीचेच रूपक घ्यावयाचे, तर ज्यास अहंकार अधिक त्यानेच प्रथम अग्नीत उतरावयास हवे होते. नंदनार कथेच्या आरंभापासूनच शुद्ध होते. त्यांच्या दहनाने शांत झाले ते इतरांचे मन.

ही टीका केवळ आम्हा सुधारकांची आहे असेही कोणी समजू नये. दक्षिणेच्या परंपरेतच याच प्रश्नाची दुसरी उत्तरे नमूद आहेत. श्रीरंगमची कथा पाहावी. तिरुप्पाणाळ्वार हे पाण या गायक जातीचे, अस्पृश्य मानलेले विष्णुभक्त. कावेरीच्या काठी उभे राहून रंगनाथाकडे तोंड करून ते गात असत. लोकसारंग मुनी देवासाठी पाणी आणण्यास आले. हाक मारूनही भक्ताची तंद्री मोडेना, तेव्हा मुनींनी खडा मारला. तो भक्ताच्या कपाळी लागला, आणि गाभाऱ्यात देवाच्या कपाळातून रक्त वाहिले. देवाने मुनींस आज्ञा केली की, त्या भक्तास आपल्या खांद्यावर बसवून माझ्यापुढे आण. मुनींनी तसे केले, आणि खांद्यावर बसून येताना आळ्वारांनी दहा पद्यांचे स्तोत्र गाईले. ते वैष्णवांच्या 'दिव्य प्रबंधा'त आजही आहे. येथे अग्नी नाही आणि जातीचा पालटही नाही. बदलावे लागले ते खडा मारणाऱ्यास. ज्या खांद्यास अस्पृश्याची सावली चालत नव्हती त्याच खांद्यावर त्यास घ्यावे लागले.

कर्नाटकात उडुपीची कथा प्रसिद्धच आहे. कनकदासांस देवळात घेतले नाही, तेव्हा ते मागील बाजूस उभे राहून गात राहिले. कृष्णाच्या मूर्तीने पाठ फिरवून पश्चिमेकडे तोंड केले, भिंतीस भेग पडली आणि भक्तास दर्शन झाले, असे लोक सांगतात. त्या जागी 'कनकाची खिडकी' म्हणून झरोका आहे. येथे देव वळला, भिंत फुटली. परंतु दार मात्र उघडले नाही. भक्त बाहेरच राहिला.

एकाच भूमीत, एकाच अन्यायाविषयी अशी निरनिराळी उत्तरे लोकांनी कथारूपाने जपून ठेवली. कोठे नंदी सरतो, कोठे देव वळतो, कोठे पुजारी वाकतो, कोठे भक्त जळतो. यांपैकी कोणते उत्तर न्यायाचे, हे ठरविण्याचा अधिकार ऐकणाऱ्यास आहे, आणि आमचा कौल श्रीरंगमच्या बाजूस पडतो. जो अडवितो त्याने बदलावे. जो अडविला गेला त्याने नव्हे.

'जुन्या कथेत निवड करणारे तुम्ही कोण?' असा दुसरा आक्षेप येईल. त्यास उत्तर असे की, ही निवड प्रत्येक शतकाने केली आहे. आठव्या शतकातील सुंदरर यांच्या भक्तनामावलीत या संतांचे केवळ नाव आहे. सविस्तर कथा पुढे सेक्किळारांनी दिली. एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारती यांनी 'नंदनार चरित्रम्' हे गेय आख्यान रचले, आणि त्यात पुराणात नसलेले एक पात्र घातले: नंदनारांचा धनी, एक ब्राह्मण जमीनदार. चिदंबरमास जाण्याची रजा मागितली असता तो चाळीस वेली जमिनीचे काम आधी उरकण्यास सांगतो. एका रात्रीत शिवकृपेने पीक उभे राहते, आणि धनी आपल्या गड्याच्या पायांवर लोळण घेतो. भारतींनी अग्नी काढला नाही हे खरे. परंतु कावेरीकाठच्या शेतांत जे रोज घडत होते ते त्यांनी कथेत आणले, आणि अडवणूक केवळ देवळाच्या दाराशी नसून बांधावरही आहे हे श्रोत्यांस दाखविले. ही आख्यानपद्धती महाराष्ट्रासही परकी नाही. तंजावरास भोसल्यांचे राज्य होते तेव्हा मराठी कीर्तन तिकडे रुजले, आणि तामिळ कथाकालक्षेपात साकी, दिंडी व ओवी शिरल्या. आमच्या कीर्तनाने त्या देशातील कथनकलेस हातभार लावला असेल, तर त्या कथेचा निवाडा करण्यात आम्हीही थोडे भागीदार आहोत.

आता कथा सोडून इतिहासाकडे वळू. १९२४ साली त्रावणकोर संस्थानात वैकम येथे सत्याग्रह झाला तो देवळात जाण्यासाठीही नव्हता; देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे एवढ्यासाठी होता, आणि तो १९२५ पर्यंत चालला. १९३१ साली गुरुवायूर येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्रावणकोरच्या महाराजांनी संस्थानच्या ताब्यातील देवळे सर्व हिंदूंस खुली केली. ८ जुलै १९३९ रोजी वैद्यनाथ अय्यर यांच्या पुढाकाराने मदुरेच्या मीनाक्षीमंदिरात अस्पृश्य मानलेल्या मंडळींनी प्रवेश केला. १९४७ साली मद्रास इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, आणि १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. या सर्व प्रसंगांत कोणास अग्नीत उतरावे लागले? कोणासही नाही. देवळे कोसळली नाहीत, देव निघून गेले नाहीत. जी गोष्ट सातशे वर्षे चमत्कारावाचून अशक्य म्हणून सांगितली गेली, ती एका राजाज्ञेने वा एका कायद्याने एका दिवसात झाली. मात्र ती आज्ञा व तो कायदा होण्यासाठी हजारो लोकांस रस्त्यावर बसावे लागले, हे विसरता कामा नये.

आम्हा महाराष्ट्रीयांस यात बढाई मारण्यास जागा नाही. पंढरपुरी चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, आणि त्यांचे अभंग आत गाईले जात असता त्यांची जात बाहेर उभी होती. ते दार उघडण्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींस प्राण पणास लावून उपोषण करावे लागले.

चिदंबरमातच नंदनारांच्या नावाचा याहून चांगला उपयोग एका पुरुषाने करून दाखविला. स्वामी सहजानंद हे स्वतः अस्पृश्य मानलेल्या समाजात जन्मलेले. त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत त्या क्षेत्री नंदनारांच्या नावाने मठ व शाळा उभारली. ज्या गावी नंदनार जळाले असे सांगतात, त्याच गावी त्यांच्या नावाने मुले अक्षरे गिरवू लागली. मूर्तीस हार घालण्यापेक्षा हे पूजन आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

दार उघडले म्हणजे काम संपले असेही नाही. २०१७ साली त्रावणकोर देवस्वम मंडळाने दलित अर्चकांची नेमणूक केली. १४ ऑगस्ट २०२१ रोजी तामिळनाडू सरकारने निरनिराळ्या जातींतील प्रशिक्षित अर्चकांस नेमणुकीची पत्रे दिली, आणि त्यावर न्यायालयांत वाद झाले. उंबऱ्यावरील तंटा गाभाऱ्यापर्यंत पोहोचला आहे, एवढाच याचा अर्थ.

आमचे पुष्कळ वाचक व्यापारी आहेत. देवळांचे जीर्णोद्धार, उत्सवांचे मांडव, कीर्तनांची बिदागी व अन्नसंतर्पणे बहुतांशी त्यांच्याच देणग्यांवर चालतात. त्यांस आमची विनंती आहे की, वर्गणी देताना चार प्रश्न विचारावे. उत्सवात ढोल वाजविणारा गाभाऱ्यासमोर उभा राहतो की ओटीखाली? देवळाचे आवार झाडणारीस प्रसादाच्या पंगतीत पान मिळते की मागल्या दारी वाढप? पंचमंडळीत त्यांच्यापैकी कोणी आहे काय? आणि कीर्तनकार संताची जात सांगून थांबतो, की त्यास अडविणाऱ्याचीही गोष्ट सांगतो? उत्तरे समाधानकारक नसतील तर पैसा हातचा सोडू नये. लक्ष्मीपुत्रांच्या एका नकाराने जे होईल, ते आमच्यासारख्यांच्या दहा अग्रलेखांनी होणार नाही.