पाइन नव्हे, सुरू!

बदलापूरहून उल्हासनगरला कॉलेजात जायचे आणि संध्याकाळी परतायचे, हा माझा रोजचा क्रम. मुलांना मराठी शिकवतो. पण झाडांविषयीचे माझे ज्ञान म्हणाल, तर वड, पिंपळ आणि 'इतर' एवढ्यात संपते! त्यामुळे एका दिवाळीत अंबरनाथच्या रस्त्यावरचा रोपवाला "साहेब, पाइन घ्या, झपाट्यानं वाढतो" म्हणाला आणि मी ते हातभर रोप घेऊन घरी आलो.

घरी आई होती. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात आमच्या श्रीवर्धनकडच्या घराचे छप्पर गेले, तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. इथे तिला काही कमी नव्हते. समुद्राची गाज तेवढी नव्हती. रात्री ती जागीच असे.

तिने रोपाची एक बारीक हिरवी काडी खुडली, मध्येच ओढून तिचे दोन तुकडे केले, ते पुन्हा एकमेकांत बसवले आणि विचारले, "सांग, कुठं तुटलीय?"

मला सांगता येईना.

"अरे, हा कसला पाइन? हा सुरू! लहानपणी आम्ही हाच खेळ खेळायचो."

दुसऱ्या दिवशी आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना काडी दाखवली. आईचा निकाल त्यांनी कायम केला. पाइनच्या सुया दोन, तीन किंवा पाचांच्या झुबक्यांत येतात आणि त्यांना पेरे नसते. सुरूची 'सुई' ही मुळी पानच नव्हे. ती पेरेदार डहाळी. खरी पाने म्हणजे प्रत्येक पेरावरचे इवलेसे सहा-आठ दात, तेही भिंगातून पाहावेत असे. फळ दिसते पाइनच्या शंकूसारखे, पण कूळ अगदी निराळे.

शब्दाची उकल मात्र माझ्या वाट्याची. फारसीतला 'सर्व' म्हणजे सायप्रस. कवींनी सडपातळ बांध्याला ज्याची उपमा दिली तो वृक्ष. मराठीत त्याचा सुरू झाला आणि पुढे हे नाव या परदेशी पाहुण्यालाही चिकटले. आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया हे त्याचे माहेर. आपल्या बाजूला १८६८ साली कारवारला सुरूची लागवड सुरू झाली! मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्म जीव हवेतला नायट्रोजन त्याला मिळवून देतात, म्हणून निकस वाळूतही तो तरारतो.

आता प्रश्न आला जागेचा. सोसायटीच्या सेक्रेटरींना तो शोभेसाठी फाटकाशी हवा होता. मला आईच्या खिडकीखाली. आईने दोघांनाही गप्प केले.

"तुझ्या वडिलांनी हौसेनं घराला लागून लावलेला सुरूच त्या दिवशी छपरावर आडवा झाला. जे लवकर वाढतं, ते पडतंही. पडला तर मोकळ्यावर पडेल, असा लाव."

त्या वादळात रायगडच्या किनाऱ्यावरची सुरूची बने भुईसपाट झालेली सर्वांनी पाहिली होती. आम्ही मुकाट्याने ऐकले.

मृगाचा पाऊस पडल्यावर मागच्या मोकळ्या जागेच्या टोकाला, भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर, भरपूर उन्हात रोप लावले. आमच्याकडची माती चिकट. म्हणून खड्ड्यात वाळू मिसळली आणि पाणी साचू नये म्हणून बुंध्याशी उंचवटा केला. पहिल्या उन्हाळ्यात पाणी घालावे लागले, पुढे त्याने फारसे काही मागितले नाही. पुढे बीही धरले. ते पेरायचे असेल तर वाळूत वरच्यावर पेरावे आणि मुंग्यांपासून जपावे. मुंग्या ते हां हां म्हणता पळवतात.

तीन पावसाळ्यांत झाड दुमजली झाले. परवा रात्री वारा सुटला. मी पाणी प्यायला उठलो, तर आई खिडकीशी बसलेली. बाहेर सुरू घुमत होता.

"झोप नाही का लागत?" मी विचारले.

"झोपतेच आहे," ती म्हणाली, "जरा भरती ऐकत होते."