वयस्क खेळाडूचें मोल

ज्या गड्यानें ऐन उमेदींत मैदान गाजविलें, त्याचा उतार सुरू झाल्यावर भारी दाम देऊन त्यास आपल्या संघांत घ्यावें कीं न घ्यावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं केवळ खेळाच्या शोकिनांचा वाटेल. परंतु जेथें पैसा मोजका, माणसें अनेक आणि गरज निकडीची, अशा प्रत्येक संसारास तो कोणत्या ना कोणत्या रूपानें पडतोच. म्हणूनच अमेरिकेंतील फुटबॉलच्या एका व्यवहाराची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों. आपल्यापैकीं अनेकांचे चिरंजीव, कन्या व जांवई त्या देशांत आहेत. हिवाळ्यांतील रविवारीं तेथें घरोघर ज्या खेळाची चर्चा चालते, तो समजून घेण्यास येथील वडीलधाऱ्यांचीहि हरकत नसावी.

तिकडचा फुटबॉल म्हणजे आपल्याकडील पायानें चेंडू मारण्याचा खेळ नव्हे. अंडाकृति चेंडू हातांत घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दींत शिरावयाचें, असा तो खेळ. प्रत्येक बाजूस अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड मजल मारतां आली नाहीं, तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. संघाचा सूत्रधार जो क्वार्टरबॅक, तो चेंडू दूर फेंकतो. आणि मैदानाच्या कडेनें वाऱ्यासारखा धांवत जाऊन जो तो झेलतो, त्यास वाइड रिसीव्हर म्हणतात. आपण त्यास सोयीसाठीं झेलकरी म्हणूं. झेलकऱ्याचें बहुतेक भांडवल त्याच्या पायांत असतें. तिशी उलटली कीं वेग आणि एकदम वळण्याची चपळाई ओसरूं लागते. उलट रक्षकास कसें चकवावें, कोणत्या क्षणीं मान वळवावी, हें ज्ञान मात्र वयाबरोबर वाढतें. शरीर उतरत असतां विद्या चढत जाते; आणि सौदा करणाऱ्यानें ह्या दोहोंचा ताळा जमवावयाचा असतो.

त्यांतहि पैशाची अडचण आहे. ह्या व्यावसायिक संघटनेंत ३२ संघ आहेत, आणि १९९४ सालापासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चास एक कमाल मर्यादा घातलेली आहे. धनाढ्य मालकानें सारे उत्तम गडी एकट्यानें खरेदी करूं नयेत, हा तिचा हेतु. २०२३ साली ही मर्यादा २२ कोटी ४८ लक्ष डॉलर होती. एवढ्यांत ५३ जणांचा प्रपंच चालवावयाचा. तेव्हां एकाच्या पानांत अधिक वाढलें कीं दुसऱ्याचें पान तितकें उणें राहणार, हें उघड आहे.

आतां मूळ हकीकत. मेरीलँड संस्थानांतील बाल्टिमोर शहराचा रेव्हन्स नांवाचा संघ आहे. त्यानें २०२३ च्या एप्रिलांत ओडेल बेकहॅम ह्या झेलकऱ्यास एका वर्षासाठीं १ कोटी ५० लक्ष डॉलर देऊन घेतलें. न्यूयॉर्कच्या जायंट्स संघांत अगदीं नवखा असतां, २०१४ साली, पाठीमागें झेप घेऊन त्यानें एका हातानें घेतलेला झेल देशभर गाजला होता. परंतु त्यास आतां तीस वर्षें पुरीं झालीं होतीं. त्याचा डावा गुडघा दोनदां निकामी झालेला. दुसरी इजा तर फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम सामन्यांतच झाली आणि त्यानंतरचा संपूर्ण हंगाम तो घरीं बसून होता. अशास एवढी रक्कम कां, असें पुष्कळांनीं विचारलें.

संघाच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें होतें. त्याचा कुशल सूत्रधार लमार जॅक्सन हा त्या वेळीं रुसला होता. आपणांस दुसऱ्या संघाकडे जाऊं द्यावें, अशी मागणी त्यानें मार्चमध्यें जाहीर केली होती. बेकहॅम आला, आणि तीन आठवडे उलटण्यापूर्वींच जॅक्सननें पांच वर्षांचा नवा करार मान्य केला. एका गोष्टीमुळेंच दुसरी घडली असें छातीठोकपणें म्हणतां येणार नाहीं. पण मालकानें खर्चास हात आंखडला नाहीं, हें जॅक्सनला दिसलें खास.

फळ काय मिळालें? बेकहॅमनें त्या हंगामांत ३५ झेल घेऊन ५६५ यार्ड मिळविले. त्याच साली, त्याच संघांत झे फ्लॉवर्स हा नवा तरुण दाखल झाला. त्याचें चार वर्षांचें एकूण वेतन बेकहॅमच्या एका वर्षाच्या वेतनाहून थोडें कमीच. आणि त्याचे झेल ७७, यार्ड ८५८! हिशेबाची वही एवढ्यावरच मिटली, तर म्हाताऱ्यास घेण्याची भूल झाली असाच निकाल द्यावा लागेल. पण दर झेलामागें बेकहॅमची सरासरी १६ यार्ड पडते आणि फ्लॉवर्सची ११. शिवाय जानेवारी २०२४ मध्यें, अंतिम फेरीच्या उंबरठ्यावरील सामन्यांत, गुणरेषा हातभर अंतरावर असतां फ्लॉवर्सच्या हातून चेंडू निसटला, आणि संघ १० विरुद्ध १७ गुणांनीं हरला. तारुण्य स्वस्त मिळतें. त्याच्या अनुभवाची किंमत मात्र अशी मागाहून चुकवावी लागते.

ह्या सौद्यांतील खरी गोम दाम चुकविण्याच्या रीतींत आहे. रकमेचा मोठा भाग आगाऊ देणगी म्हणून हातांत ठेवला, पण वहींत मात्र ती पांच वर्षांत विभागून दाखविली. त्यांतील शेवटचीं चार वर्षें केवळ कागदावरचीं. त्यामुळें पहिल्या वर्षीं त्याच्या नांवें अवघे ३९ लक्ष डॉलर पडले. करार संपतांच मात्र उरलेले सुमारे १ कोटी १० लक्ष २०२४ च्या खर्चांत एकदम येऊन आदळले, आणि तेव्हां बेकहॅम संघांत नव्हताहि. ऋण काढून थाटाचें लग्न करावें आणि मांडव उतरल्यावर वर्षभर हात आंखडून बसावें, अशांतलाच हा प्रकार. ती मियामीच्या संघाकडे गेला, तेथें केवळ ९ झेल घेतले, आणि डिसेंबरांत त्यास निरोप मिळाला.

म्हणून वयस्कांस घेऊंच नये काय? इतिहास तसें म्हणत नाहीं. जेरी राइस ह्यास सॅन फ्रान्सिस्कोच्या संघानें २००१ साली सोडलें, तेव्हां तो ३८ वर्षांचा होता. खाडीपलीकडील ओकलंडनें त्यास घेतलें; आणि २००२ च्या हंगामांत, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यानें १,२११ यार्ड मिळवून संघास अंतिम सामन्यापर्यंत नेण्यास हात दिला. रँडी मॉस तीस वर्षांचा असतां २००७ साली न्यू इंग्लंडनें त्यास अगदीं अल्प मोबदल्यांत मिळविलें. त्या हंगामांत त्यानें झेलांवर २३ टचडाउन करून उच्चांक स्थापिला. पण ह्या दोघांसहि त्या वर्षींचा अंतिम विजय लाभला नाहीं, हेंहि लक्षांत ठेवावें.

आमच्या मतें निर्णय तीन गोष्टींवर व्हावा. पहिली, संघ विजयाच्या इतका निकट असावा कीं एका जाणत्या हाताचीच उणीव भासावी. मोडक्या संघास जुना शूर तारूं शकत नाहीं. दुसरी, मुदत एका वर्षाची असावी. तिसरी, आणि मुख्य, दाम पुढील कामाचें द्यावें, मागील कीर्तीचें नव्हे; आणि तें ठरवितांना गडी निघून गेल्यावर येणारा हप्ताहि धरावा. ह्या कसोटीस लावतां बाल्टिमोरची निवड योग्य, मुदत योग्य, पण दाम अवाजवी ठरतें.

त्या संघानेंहि बहुधा असाच बोध घेतला असावा. २०२५ च्या मार्चमध्यें त्यानें डीआंद्रे हॉपकिन्स ह्या तितक्याच नामांकित, पण तेहतिशीस टेकलेल्या झेलकऱ्यास एका वर्षासाठीं घेतलें, तें सुमारे ५० लक्ष डॉलरांस. म्हणजे बेकहॅमच्या तिसऱ्या हिश्शास. वडीलधाऱ्या माणसास घरांत मानाचें स्थान असावें, त्याच्याकडून तरुणांनीं शिकावें. पण त्याच्या खांद्यावर, त्याच्या जुन्या बळाच्या आठवणीनें, आज न पेलणारा भार घालूं नये. त्यांत घराचें हित नाहीं, आणि त्या माणसाचा सन्मानहि नाहीं.